प्रार्थनेनंतर पुन्हा प्यायला लागलेल्या भावाबद्दल

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ बारा वर्षं दारूत होता. गेल्या वर्षी उपास-प्रार्थनेच्या सभेत त्यानं येशूचा स्वीकार केला आणि त्याच रात्री दारू सोडली. दुसऱ्या महिन्यात मंडळीसमोर, म्हणजे चर्चमधल्या लोकांसमोर, आपल्या सुटकेची साक्ष दिली. सातव्या महिन्यात पुन्हा प्यायला लागला. आता मंडळीत कुणी म्हणतं त्याचा विश्वास खरा नव्हता, कुणी म्हणतं दुष्टात्मा परत आलाय. डॉक्टर गोळ्या सुचवतात; तो म्हणतो, गोळी घेतली तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. ख्रिस्तावरच्या विश्वासानं व्यसन खरंच सुटतं का, आणि बहीण म्हणून मी काय करू?

ताई, सुटतं. अनेक वर्षं व्यसनी माणसांबरोबर आणि मंडळ्यांबरोबर काम केल्यावर हे मी सांगतोय. कसं सुटतं याबद्दल आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत आणि तुमच्या भावाला त्यांचाच फटका बसलाय असं मला वाटतं. त्याकडे येतोच, पण आधी एक तातडीची गोष्ट.

भाऊ सध्या रोज पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील आणि घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर त्याला घरच्या घरी एकदम दारू बंद करायला लावू नका. 'आजपासून उपास, आजपासून सोडली' हे तर मुळीच नको. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत ताणलेल्या अवस्थेत राहायला शिकलेला असतो. दारू अचानक काढली की गुंगी जाते आणि ताण तेवढा उरतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कापरं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालताना दिसतात, खोलीत नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. अशा माणसाभोवती बसून रात्रभर दुष्टात्मा घालवण्याची प्रार्थना चाललेली मी पाहिली आहे. प्रार्थना जरूर करा, इस्पितळाच्या वाटेवर गाडीत करा. तिथे शांत करणारी औषधं मोजूनमापून देतात आणि बी-१ जीवनसत्त्व टोचतात. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात ते इतकं कमी झालेलं असतं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर तीही अचानक थांबवू नयेत, तिथेही फिटचा धोका असतोच.

आता विश्वासाकडे वळतो.

एका रात्रीत तलफ निघून गेलेली माणसं मला भेटली आहेत, त्यामुळे असं काही घडतच नाही असं मी कुणाला सांगणार नाही. पण ती थोडी आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्या रात्री जे होतं ते खरंच असतं आणि तरीही ती सुरुवातच असते. याचं सर्वांत चांगलं उदाहरण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जन्मकथेत सापडतं. गंमत म्हणजे मंडळीत ही कथा सांगताना आपण नेमका अर्धाच भाग सांगतो.

डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल विल्सन या दारुड्या शेअर दलालाला देवाच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला आणि त्यानंतर तो पुन्हा प्यायला नाही. इथे आपण थांबतो. पुढे मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामानं ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात गेला, काम फिसकटलं आणि हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा असताना बारमधल्या आवाजानं त्याला ओढायला सुरुवात केली. देवाचा अनुभव येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. त्या क्षणी त्यानं पाळकांच्या यादीतले फोन नंबर फिरवायला घेतले आणि बोलायला एखादा दारुडा मिळेल का, असं विचारलं. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. आणि हे डॉ. बॉब कोण? ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती सहभागितेत दोनेक वर्षं जाणारे, शास्त्र वाचणारे, प्रार्थना करणारे, आणि तरीही रोज पिणारे. त्यांच्यात विश्वास नव्हता असं म्हणता येणार नाही. आपल्यासारख्याच एका माणसासमोर बसून मी असा-असा पितो, असा-असा लपवतो, हे त्यांनी त्याआधी मोकळेपणानं बोललं नव्हतं. बिल भेटल्यावरही ते एकदा घसरलेच. एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा धरला जातो आणि तोच दिवस ही संघटना आपला स्थापनादिन मानते. म्हणजे ज्या दिवसापासून आज जगभर पसरलेली ही चळवळ मोजली जाते, तो घसरण्यानंतरचा दिवस आहे.

तुमच्या भावाचं नेमकं काय बिनसलं, याचा माझा अंदाज सांगतो. त्याला न भेटता बोलतोय, हे ध्यानात ठेवा.

दारू सोडल्यावरचे पहिले काही आठवडे अनेकांना फार हलके जातात. झोप लागते, घरचे हसून बोलतात, प्रत्येक गीत आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात ते ओसरतं. मेंदूला सावरायला कित्येक महिने लागतात. मधल्या काळात कारण नसताना उदास वाटतं, चिडचिड होते, कशातच रस वाटत नाही. प्रार्थनाही कोरडी होते. सामान्य विश्वासणाऱ्यालाही कोरडे दिवस येतात, तो ते रेटतो. पण ज्यानं सुटकेचा अनुभव भावनेच्या भरात घेतला, त्याला भावना गेली की देवच गेला असं वाटतं. त्यात जुनी उधारी, बायकोचा न विरघळणारा संशय, हातात रिकामी संध्याकाळ. अशा वेळी त्यानं कुणाला तरी सांगायला हवं असतं की, मला पुन्हा प्यावंसं वाटतंय.

पण तो कुणाला सांगणार? दुसऱ्याच महिन्यात तो माइकसमोर उभा राहून 'प्रभूनं मला पूर्ण मुक्त केलं' असं म्हणालाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत, कुणाच्या तरी आईनं त्याचा हात धरून 'माझ्या मुलासाठीही प्रार्थना कर' म्हटलंय. आता तलफ येते हे सांगणं म्हणजे ती साक्ष खोटी होती असं कबूल करणं. शिवाय आपल्यामुळे देवाचं नाव खाली जाईल, ही भीती. म्हणून तो हसत राहतो, रविवारी पहिल्या रांगेत बसतो आणि आतल्या आत लपायला लागतो. बाटली हातात घेण्याच्या कितीतरी आधी घसरण सुरू झालेली असते, ती अशी.

व्यसन लपण्यावर जगतं. बाटल्या लपवायच्या, पैसे लपवायचे, वास लपवायचा, शेवटी स्वतःपासूनही लपायचं. ख्रिस्ती विश्वास व्यसनी माणसाला जे देतो, त्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते इच्छाशक्ती नाही. ती अनेकांना संकल्पातूनही थोडीफार मिळते आणि थोडेच दिवस टिकते. विश्वास त्याला अशी एक जागा देतो जिथे खरं बोलल्यावर हाकललं जात नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो. आपण सुधारल्यावर नव्हे. हे ज्याला पोटातून पटलं त्याला लपायचं कारण उरत नाही. आणि मंडळीनं नकळत याच्या उलट वातावरण तयार केलं, म्हणजे इथे फक्त विजयाच्याच गोष्टी चालतात असं, तर शिकवण कृपेची असली तरी व्यसनी माणूस तिथे लपायलाच शिकतो.

म्हणून साक्षीच्या घाईला माझा स्पष्ट विरोध आहे. निदान पहिलं वर्षभर नव्या माणसाला मंचावर चढवू नये. पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या अध्यक्षाबद्दल लिहिताना तो नवशिका नसावा असं बजावलं, गर्वानं फुगून पडू नये म्हणून. तेच इथेही लागू करा. त्याला खुर्च्या मांडू द्या, आजाऱ्याला भेटायला बरोबर न्या, गीतांची पुस्तकं वाटू द्या. साक्ष द्यायचीच असेल तर दोघा-तिघांत, आणि त्यात आजच्या आठवड्यात काय जड गेलं हेही यायला हवं.

'विश्वास खरा नव्हता' असं म्हणणाऱ्यांना रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचायला सांगा. जे चांगलं करायचंय ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करतो, असं तिथे पौल म्हणतो. हे तो ख्रिस्ताकडे येण्याआधीच्या आयुष्याबद्दल बोलतो की नंतरच्या, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. त्यात मी पडत नाही. पण व्यसनी माणसाला तो अध्याय ऐकवला की तो मान वर करतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. शिवाय आकडेही लक्षात ठेवा. व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक पहिल्या वर्षभरात पुन्हा नशेकडे वळतात. दमा आणि रक्तदाब उलटण्याचं प्रमाणही कमी नाही, आणि त्यांच्या विश्वासाबद्दल कुणी शंका घेत नाही. सहा-सात महिने न पिता काढलेला माणूस शून्यावर परत आलेला नसतो. त्या दिवसांत तो जे शिकला ते त्याच्याजवळ आहे. नवं काय ते एवढंच, की कुठे पाय घसरतो हे आता माहीत झालं.

'दुष्टात्मा परत आला' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा मत्तयाच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट असते: अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येतो, घर झाडलेलं, सजवलेलं पण रिकामं सापडतं, मग आणखी सात जणांना घेऊन येतो. दुष्टात्म्यांबद्दल तुमची मंडळी काय मानते यात मला ढवळाढवळ करायची नाही. पण त्या गोष्टीतला 'रिकामं' हा शब्द वाचा. दारू गेली की रोजचे तीन-चार तास, मित्रांचा एक अख्खा गट आणि दुःख बुडवण्याची एकमेव रीत, हे सगळं एकदम रिकामं होतं. रविवारची दोन तासांची भक्ती ती जागा भरू शकत नाही. आठवड्यातल्या प्रत्येक संध्याकाळी तो कुठे असेल, कुणाबरोबर असेल, हे ठरलेलं हवं. पहिले तीन महिने तर अगदी वेळापत्रक लिहून.

गोळ्यांचं बघू. भावाला यशयाच्या अडतिसाव्या अध्यायातली हिज्कीयाची गोष्ट वाचून दाखवा. राजा मरणाला टेकला होता. त्यानं रडून प्रार्थना केली. देवानं ऐकलं आणि आणखी पंधरा वर्षं आयुष्य देतो असा शब्द दिला. शब्द मिळाल्यावरही यशया काय म्हणाला? अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. देवाचं वचन आणि लेप एकाच अध्यायात आहेत आणि त्यात कुणाला अविश्वास दिसत नाही.

दारूसाठी सध्या मुख्यतः तीन औषधं वापरतात. नालट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा आणि ओढ कमी करतं. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करायला मदत करतं. डायसल्फिराम घेतलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, म्हणजे ते धाक म्हणून काम करतं. कुठलं योग्य हे यकृत, मूत्रपिंड, हृदय पाहून डॉक्टर ठरवतील. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: डायसल्फिराम त्याच्या नकळत जेवणात मिसळू नका. घरचे हे करतात, प्रेमापोटी करतात. नकळत घेतलेल्या माणसानं वर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. आणि हे एकदा उघडकीला आलं की त्या घरात विश्वास नावाची गोष्ट पुन्हा उभी राहणं कठीण.

हेरॉइन किंवा अफूजन्य गोळ्यांचं व्यसन असतं तर मी याहून कडक बोललो असतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या औषधांनी मृत्यू टळतात हे पक्कं ठाऊक आहे. तरी काही ख्रिस्ती केंद्रं ही औषधं म्हणजे एका व्यसनाऐवजी दुसरं, असं म्हणून बंद करायला लावतात. काही आठवडे नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मग घसरून पूर्वीइतकाच डोस घेतला की श्वास थांबतो. हा सल्ला देणाऱ्या पाळकाचा हेतू कितीही शुद्ध असो, तो चुकीचाच आहे.

बिगर-ख्रिस्ती उपचार घ्यावेत का, एएच्या, म्हणजे बिल आणि डॉ. बॉबच्या त्या संघटनेच्या, सभांना जावं का, असंही पुढे कुणीतरी विचारेल. जावं. ही संघटना ख्रिस्ती नाही. आपल्याला समजलेल्या देवावर सोपवा, एवढंच ती म्हणते. पण तिची मुळं ख्रिस्ती आहेत आणि अ‍ॅक्रनच्या पहिल्या लोकांना याकोबाचं पत्र फार प्रिय होतं, ज्यात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय. वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएच्या बारा पायऱ्यांच्या वाटेनं जाणारे इतर प्रचलित मानसोपचार घेणाऱ्यांपेक्षा काहीसे पुढेच दिसले. पायऱ्यांमध्ये येशूचं नाव हवंच असेल तर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सेलिब्रेट रिकव्हरीसारखे मंडळीतले गटही आहेत. तुमच्या जवळ जे असेल तिथे पाठवा. नावापेक्षा तिथे लोक खरं बोलतात का, ते पाहा.

रोजच्या जगण्यात विश्वास कसा उतरतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण डब्लिनच्या मॅट टॅलबटचं. जन्म १८५६, गरीब मजूर, बाराव्या वर्षाच्या आसपास प्यायला लागला. १८८४ मध्ये त्यानं दारू न पिण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. जन्मभराची शपथ घ्यायची त्याची हिंमत नव्हती. ती पाळली गेली म्हणून सहा महिन्यांची घेतली, मग कायमची. १९२५ मध्ये मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाताना रस्त्यात कोसळून तो वारला, तोवर पुन्हा प्यायला नव्हता. कॅथलिक मंडळीनं १९७५ साली त्याला 'आदरणीय' घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. त्याच्या तपश्चर्येच्या गोष्टी लोक भक्तीनं सांगतात, पण मला त्याच्या दोन साध्या सवयी महत्त्वाच्या वाटतात. एक, खिशात पैसे घेऊन तो बाहेर पडत नसे, म्हणजे गुत्त्यासमोरून जाताना प्रार्थनेच्या भरवशावर परीक्षा देण्याची वेळच येऊ नये. दोन, पिण्याच्या दिवसांत ज्यांचं देणं केलं होतं त्यांचं तो फेडत गेला. दारूसाठी एका वादकाचं फिडल त्यानं आणि मित्रांनी चोरलं होतं. त्या माणसाला तो नंतर शोधत राहिला. लुबाडलेलं परत करणाऱ्या बायबलमधल्या जकातदार जक्कयानं जे केलं तेच.

भावाला हेच सांगा: मोहाशी समोरासमोर झुंजणं हे विश्वासाचं मोठं लक्षण नाही. देव मोहाबरोबर निभावण्याचा मार्गही देतो, असं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. बहुतेक वेळा तो मार्ग म्हणजे दुसरा रस्ता, रिकामा खिसा आणि लगेच लावलेला फोन. तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ एकटं नसणं पुरतं. येशूनंसुद्धा अटक होण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना म्हटलं होतं, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली, तर तुमच्या भावानं रात्री अकरा वाजता कुणाला फोन केला यात कसली दुर्बलता?

भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काही अंगावर आहे का, हे तलफ आल्याबरोबर तपासायचं. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला बोध केला नाही. झोपू दिलं, उठवून खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. नव्यानं दारू सोडलेल्याला लांब उपास करायला लावू नये असं मी सगळ्यांना सांगतो, ते याच कारणानं. साखर उतरलेलं, झोप न झालेलं शरीर घेऊन बसलेल्या माणसाला प्रार्थना कमी आणि दारूच जास्त आठवते.

प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, मुद्दा छोटा आहे पण विसरू नका. तुमच्याकडे खरा द्राक्षारस वापरत असतील तर न आंबवलेला रस वेगळा मागून घ्या. १८६९ मध्ये थॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षांचा रस आंबू न देता टिकवण्याची रीत काढली ती मंडळीच्या मेजासाठीच. कॅथलिक असाल तर फक्त भाकर घेतली तरी पूर्ण ख्रिस्त मिळतो अशी त्या मंडळीची शिकवणच आहे.

आता तुमच्याबद्दल. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप पुन्हा वाचा. मुलगा दूर देशात डुकरं राखत होता तेव्हा बापानं तिकडे पैसे पाठवले नाहीत. 'त्याला कोणी काही दिले नाही' असं लूक लिहितो, आणि मुलगा शुद्धीवर येतो तो त्यानंतर. पण तो दिसताच म्हातारा धावत सुटतो. तुम्हीही दोन्ही करायचं. त्याची उधारी फेडू नका, कामावर 'ताप आलाय' असा खोटा निरोप देऊ नका, रोख पैसे हातात देऊ नका. आणि त्याच वेळी डॉक्टरकडे जायचं म्हणाला तर रात्री दोनलाही दार उघडा. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं हे सोडून द्या. त्यानं तो आणखी हुशारीनं लपायला शिकतो आणि तुम्ही झोप गमावता. धाकट्याचं स्वागत पाहून त्या गोष्टीतल्या थोरल्या भावाला आला तसा राग तुमच्या मनात असेल तर त्याचीही लाज बाळगू नका, बापानं त्यालाही समजवायला बाहेर येऊन बोलावलं. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाच्या सभा आहेत. भाऊ कुठेही जायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता.

तो प्यायल्यावर बायको-मुलांवर हात उचलत असेल तर त्यांना आधी सुरक्षित ठिकाणी हलवा. क्षमा करायची म्हणून मार खात त्याच घरात राहा, असं शास्त्र सांगत नाही. असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका.

निवासी ख्रिस्ती केंद्रात ठेवायचा विचार असेल तर स्वतः जाऊन पाहा. डॉक्टर किती वेळा येतात, चालू औषधं बंद करतात का, घरच्यांना एकट्यानं भेटू देतात का, मारणं-बांधणं-उपाशी ठेवणं होतं का, तो मधेच निघतो म्हणाला तर काय करतात. उत्तरं टाळली तर उलट्या पावली परत या. हमखास बरं करतो म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा. चांगली केंद्रं बाहेर पडल्यानंतरच्या वर्षाबद्दल जास्त बोलतात, कारण आतले महिने त्या मानानं सोपे असतात.

आणि पाळकांशी एकदा निवांत बोला, भाऊ तयार असेल तर त्याला घेऊन. तीन गोष्टी मागा. पहिली, मंडळीत त्याच्या घसरण्याची चर्चा प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली फिरू नये. दुसरी, त्याच्या बरोबरीचे दोन प्रौढ, तोंड बंद ठेवणारे पुरुष, शक्यतो त्यातला एक स्वतः व्यसनातून आलेला, दर आठवड्याला त्याला भेटावेत. भेटीत उपदेश नको. या आठवड्यात प्यायलास का, प्यावंसं कधी वाटलं, काही लपवतोयस का, एवढंच विचारावं आणि उत्तर काहीही असलं तरी पुढच्या आठवड्याची वेळ ठरवूनच उठावं. तिसरी, तो एखाद्या रविवारी पिऊन भक्तीला आला तर त्याला दारातून परत न पाठवता मागच्या बाकावर त्याच्या शेजारी कोण बसेल आणि नंतर त्याला घरी कोण पोचवेल, ती दोन नावं पाळकांनी आधीच ठरवून तुम्हाला सांगावीत.